उभ्या रेषा सरळ करणारी बाई

सरळबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं सांगणारे शहरभर आहेत. ते सगळे खोटं बोलतात. कारण लागतं, फक्त बाईंना ते इतरांच्या आधी सापडतं. हॉटेलात टेबल डुगडुगलं की कारण, कोणाच्या भिंतीवरची तसबीर बोटभर कलली की कारण, आणि कोणी 'मॅडम, एक झटपट फोटो काढून द्या ना' म्हणालं की तर विचारूच नका. झटपट हा शब्द ऐकला की बाई कॅमेरा पिशवीत घालायला लागत.

सरळबाई हे नाव त्यांना आर्किटेक्ट लोकांनी ठेवलं. स्वभावावरून ठेवलं नाही हे सांगायला नको, कामावरून ठेवलं. बाई इमारतींचे फोटो काढतात. आता रस्त्यावर उभं राहून कॅमेरा वर केला की इमारत मागे रेलल्यासारखी दिसते आणि तिच्या दोन्ही कडा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. आपण सगळे असेच फोटो काढतो आणि आनंदाने घरच्यांना पाठवतो. बाईंना मात्र असा फोटो बघवत नाही. त्या ट्रायपॉड लावतात, कॅमेरा तिरका नाही ना हे दाखवणारा पाणपातळीचा बुडबुडा मधोमध आणतात, हव्या त्या उजेडासाठी तासन्‌तास रस्त्यावर उभ्या राहतात, आणि एवढं करूनही जी काय रेघ केसभर तिरकी राहील ती घरी कॉम्प्युटरपुढे बसून सरळ करतात. त्यांच्या फोटोत भिंत म्हणजे भिंत. वरपासून खालपर्यंत उभी.

सुरुवात त्यांनी एका स्टुडिओत केली होती, लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढत. तिथे त्या टिकल्या नाहीत, कारण माणसं बोलतात. 'माझं नाक असं नाहीये हो', 'मला जरा बारीक करा ना'. भिंत कधी असं काही म्हणाली नाही. मग त्यांनी एका आर्किटेक्टचं घर टिपलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं, आणि बाईंचं आयुष्य इमारतींसमोर उभं राहण्यात गेलं. त्या दिवसांत मदतीला कोणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशी थोरली बहीण बरोबर यायची, ट्रायपॉड खांद्यावर घेऊन. ऊन असलं की कॅमेऱ्यावर छत्री धरून ती उभी राहायची, आणि बाई तिलाच ओरडायच्या, की ताई, तुझी सावली पडतेय. ताई हसून बाजूला सरकायची. आई लवकर गेल्यावर धाकटीचं ओरडणं झेलायचं काम ताईने आपणहून अंगावर घेतलं होतं आणि ते अजून सुटलेलं नव्हतं.

बाईंचे नियम कडक होते. आकाश बदलायचं नाही. गवत हिरवं रंगवायचं नाही. नसलेलं झाड लावायचं नाही. एका बिल्डरने फोटोत कारंजं टाकून मागितलं तेव्हा बाईंनी त्याला विचारलं, की पाणी तुम्ही भरणार का मी? वायर, नळाखालचा ओघळ, कोणाचा वाळत घातलेला बनियन एवढं त्या पुसायच्या, कारण ते उद्या तिथे नसणारच, असं त्यांचं म्हणणं. आणि रेषा सरळ करणं ह्याला तर त्या बदल मानतच नव्हत्या. दात घासण्याला कोणी नटणं म्हणतं का, असं त्या विचारायच्या, आणि समोरचा गप्प बसायचा. बाईंच्या पुढे बहुतेक लोक गप्पच बसत. ह्याचा अर्थ आपलं बरोबर आहे, असा त्यांनी लावून घेतला होता.

ताई राहायची त्या चार मजली इमारतीत लिफ्ट नव्हती. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. भाऊजींचे गुडघे गेल्यापासून ताईने बाल्कनीतून एक लांब दोरी सोडली होती, टोकाला पिशवी बांधून. भाजीवाला पिशवीत भाजी टाकायचा, ताई वर ओढायची. तळमजल्यावर एका शिंप्याचं दुकान होतं आणि मागच्या खोल्यांत त्याचं कुटुंब. जुनी, ठसठशीत, भिंती जाड असलेली इमारत. तिच्या शेजारची मोकळी जागा एका बड्या कंपनीने घेतली आणि तिथे काचेचा मनोरा उभा राहणार असल्याचा भलामोठा फलक लागला. मनोऱ्याच्या खाली गाड्यांसाठी तळघर, तळघराच्या खाली आणखी एक तळघर. म्हणजे खड्डा केवढा होणार ह्याचा अंदाज करा.

असा खड्डा खणायचा असला की आधी शेजारच्या इमारतींचे फोटो काढून ठेवावे लागतात आणि खणून झालं की पुन्हा काढावे लागतात. उद्या कोणी म्हणालं की तुमच्यामुळे आमची भिंत फुटली, तर आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. पालिकेचा तसा नियमच आहे. असे फोटो काढणाऱ्यांची पालिकेची एक यादी असते आणि तीत बाईंचं नाव बरीच वर्षं होतं, म्हणून कंपनीने हे काम सरळबाईंना दिलं. कंपनीच्या साहेबांना बाई मनातल्या मनात हसरे साहेब म्हणायच्या, कारण ते वाईट बातमी सांगतानाही हसत. त्यांनी बजावलं, "मॅडम, ह्या फोटोंत काहीही पुसायचं नाही हं. वायर असली तर वायर, डाग असला तर डाग. जसं आहे तसं."

"मला शिकवू नका," बाई म्हणाल्या. पण वायरसकट फोटो द्यायचा म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं.

पहिले फोटो निघाले. खड्डा खणला गेला. मग दुसरे फोटो काढायला बाई त्याच जागी, त्याच उंचीवर ट्रायपॉड लावून उभ्या राहिल्या. बुडबुडा मधोमध आणला. घरी येऊन फोटो उघडला, तर ताईची इमारत स्क्रीनवर किंचित उजवीकडे कलंडलेली. बाईंनी स्वतःलाच शिव्या घातल्या. म्हातारी झालीस, ट्रायपॉडसुद्धा धड लावता येत नाही तुला. हा त्यांचा स्वतःवरचा राग नेहमीचाच होता, त्याला त्या सरावल्या होत्या. बोटाने फोटो जरासा फिरवला, कडा उभ्या झाल्या, खालच्या उभ्या गाड्या आणि रस्ता कापून टाकला, शेजारचा पत्र्याचा फलक कापून टाकला. काहीही पुसलं नाही. नियम पाळला. फोटो कंपनीला गेला.

बुडबुडा मधोमध होता हे त्यांना आठवत होतं. तरी आपलाच हात चुकला असं त्यांनी धरलं. इमारत चुकेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं फोटोत इमारत कलली की चूक कॅमेऱ्याची, असंच चाललं होतं. शिकाऊ पोराने बुडबुड्यावर विश्वास ठेवला असता आणि खिडकीतून बाहेर बघितलं असतं. ही चूक करायला मुरलेला माणूसच लागतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताईचा फोन आला.

"धाकटे, माझं पुढचं दार लागत नाही गं. वरून घासतं."

"ओल आली असेल."

"आणि तव्यावर तेल टाकलं की एका बाजूलाच जातं सगळं."

"शेगडीचा पाय मोडला असेल, ताई. भाऊजींना बघायला सांग."

"शेगडी नवीन आहे. मला चालतानासुद्धा कसंतरी होतं. भिंतीकडे ओढल्यासारखं."

"तुला चक्कर येते म्हणून घर तिरकं होत नाही," बाई म्हणाल्या, आणि आपण बहिणीशी हे कुठल्या सुरात बोलतोय ह्याचं त्यांना काही वाटलं नाही.

तरी त्या गेल्या. जाताना आपला टॅबलेट घेऊन गेल्या. ताईने दार दाखवलं, तवा दाखवला, जमिनीवर बांगडी ठेवून ती घरंगळत कुठे जाते तेही दाखवलं. बाईंनी टॅबलेटवर दुसरा फोटो उघडला, शिंप्याकडून मोजायची पट्टी मागवली आणि फोटोतल्या इमारतीच्या कडेला टेकवली.

"बघ. आहे का कुठे फरक? खड्डा खणून झाल्यावरचा फोटो आहे हा. मी स्वतः काढलाय."

ताईने पट्टी बघितली, फोटो बघितला. भाऊजी म्हणाले, "धाकटीने सांगितलं म्हणजे संपलं. तिला केसभर तिरकं चालत नाही."

"मग मलाच वाटत असेल," ताई म्हणाली.

आणि इथे ताईने जे केलं ते कोणीही थोरल्या बहिणीने केलं असतं. ती जिना उतरून खाली गेली. शिंप्याच्या बायकोला दोन रात्री झोप नव्हती, तिने कपड्यांची बोचकी बांधून ठेवली होती, माहेरी जायचं ठरवलं होतं. ताईने तिला सांगितलं, "घाबरू नकोस. माझ्या बहिणीने फोटो काढलाय. ती ह्या कामातली आहे. इमारत सरळ आहे." शिंप्याच्या बायकोने बोचकी सोडली. चारही मजल्यांवर ताई स्वतः जाऊन हेच सांगून आली.

मग जिन्याला तडा गेला. खालपासून वरपर्यंत, बोट आत जाईल एवढा. रहिवाशांनी पालिकेत तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं आणि उत्तराबरोबर दोन फोटो शेजारी शेजारी छापून आले, आधीचा आणि नंतरचा, दोन्हीत इमारत खांबासारखी उभी, आणि खाली फोटो काढणारीचं नाव. आता रहिवासी ताईच्या दारात जमले. कोणी काही वाईट बोललं नाही म्हणे. नुसतं विचारलं, की तुमच्या बहिणीने असं का केलं? ताईला त्या मानाने शिव्या परवडल्या असत्या.

ताईने फोन करून बोचक्यांपासून सगळं सांगितलं तेव्हा बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग कोणावर आला? ताईवर! आपल्या फोटोवर शंका घेते म्हणजे काय? "मी खोटा फोटो काढत नाही!" त्या ओरडल्या. "आज मोठा करून छापून आणते आणि तुझ्या त्या सगळ्यांच्या नाकासमोर धरते." फोन आपटून त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. दुपारची वेळ होती, जेवण तसंच झाकलेलं होतं. मोठा छापायचा तर बारकाईने बघावा लागतो, म्हणून त्यांनी फोटो मोठा केला आणि इमारतीवरून वरपासून खाली नजर फिरवायला सुरुवात केली.

तिसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या. बाल्कनीतून ताईची दोरी लोंबत होती. एरवी बाईंनी ती पहिल्या झटक्यात पुसली असती, पण पुसायचं नाही असा नियम होता म्हणून राहिली होती. दोरी तिरकी होती.

टोकाला भरलेली पिशवी, म्हणजे दोरी ताठ. आणि तिरकी. बाईंनी आधी वाऱ्याचा विचार केला. वारा असता तर बाल्कन्यांमधले टॉवेल फुगले असते. टॉवेल निमूट लोंबत होते, आणि तेही सगळे त्याच बाजूला, तेवढेच तिरके. इमारतीच्या कडा मात्र उभ्या. बाईंनी फोटो फिरवलेला होता तो परत मागे नेला, कॅमेऱ्यातून निघाला तसा केला. दोरी सरळ झाली, टॉवेल सरळ झाले, आणि त्यांच्यामागे ताईचं घर, शिंप्याचं दुकान, चार मजले, सगळं खड्ड्याच्या बाजूला कललेलं दिसलं.

बाईंनी माऊस भिंतीवर फेकला. मग उठून तो उचलला आणि पुन्हा फेकला. मग खुर्चीत बसून त्या मोठ्याने रडल्या, आणि रडतानाही त्या चिडलेल्याच होत्या. ताई सांगत होती. दार, तेल, बांगडी, चालताना भिंतीकडे ओढले जाणारे पाय, सगळं सांगत होती. तिच्या घरात उभं राहून तिला पट्टी दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी त्या हसऱ्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या त्या दार न ठोठावता. दोन्ही फोटो टेबलावर ठेवले, बोट ठेवून दोरी दाखवली.

"इमारत कलली आहे. फोटो मी सरळ केला होता. कंपनीने तो परत घ्यावा आणि तिथल्या माणसांना आजच्या आज बाहेर काढावं."

साहेबांनी फोटो शांतपणे बघितले. "वारा असेल, मॅडम."

"टॉवेल बघा."

"टॉवेलला पण वारा लागतोच ना." ते हसले. "हे बघा, तुमचं काम आम्हाला फार आवडतं. मनोऱ्याचे फोटोसुद्धा तुमच्याकडूनच घ्यायचेत. पण मला एक सांगा. सरळ करता येतं तसं तिरकंही करता येत असेल ना? कॉम्प्युटरच तो. उद्या लोक म्हणतील, बहीण राहते तिथे, म्हणून बाईंनी मुद्दाम कलवली इमारत."

बाईंचे कान तापले. "माझ्याकडे मूळ फाइल आहे. कॅमेऱ्यातली. तिला हात लावलेला नाही."

"असेल. पण पालिकेसमोर तुम्हाला सांगावं लागेल की तुम्ही दिलेला फोटो खरा नव्हता. मग तुमचे बाकीचे? तुमच्या सहीने तिथे किती इमारतींचे फोटो पडलेत, आठवतं का? विचार करा. तुमच्याच काळजीपोटी सांगतोय."

काळजीपोटी! बाईंनी टेबलावरचा पेपरवेट हातात घेतला होता. तो त्यांनी जागेवर ठेवला, हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं पुण्य समजावं.

घरी जाताना त्यांनी विचार केला नाही असं नाही. केला. आयुष्यभराचं नाव होतं. वय असं, की नवीन काही सुरू करता येत नाही आणि जुनं सोडून भागत नाही. पण विचार करताना डोळ्यांसमोर सारखी ती बोचकी येत होती, जी शिंप्याच्या बायकोने ताईच्या शब्दाखातर सोडली होती.

सुनावणी पालिकेच्या एका अरुंद खोलीत झाली. टेबलाच्या पलीकडे अधिकारी बाई, अलीकडे एका बाजूला हसरे साहेब आणि त्यांचा वकील, दुसऱ्या बाजूला रहिवासी. ताई शिंप्याच्या बायकोशेजारी बसली होती. तिने धाकटीकडे बघितलं नाही. वकिलाने ते दोन फोटो पुढे केले आणि सांगितलं, की नामवंत छायाचित्रकाराने काढलेत, फरक शून्य आहे.

"नामवंत छायाचित्रकार मी," बाई उभ्या राहून म्हणाल्या. "आणि तो फोटो खोटा आहे."

खोलीत कुजबुज झाली. बाईंनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "ही मूळ फाइल. तुमच्या कॉम्प्युटरवर उघडा, माझ्या नको."

अधिकारी बाईंनी उघडली. बाईंनी दोरी दाखवली आणि सगळं सांगितलं, एकेक वाक्य चावून टाकत. कॅमेरा तिरका धरला असता तर दोरीही तेवढीच तिरकी आली असती. दोरी सरळ आहे. कलली आहे ती इमारत. आणि आपण ती घरी बसून सरळ केली.

"का केलीत?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"सवय."

"म्हणजे तुम्ही प्रत्येक फोटोला असं करता?"

वकील पुढे झुकला. हसरे साहेब आता खरोखरच खुशीत हसत होते. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि मग त्यांचा जो पारा चढला तो इतक्या वर्षांत कोणी बघितला नव्हता, आणि त्यांचा पारा चढलेला बघितला नाही असा माणूस त्या खोलीत नव्हता.

"प्रत्येक!" त्या ओरडल्या. "ह्या कार्यालयात माझ्या सहीचे जेवढे फोटो आहेत ते सगळे सरळ केलेले आहेत. लिहून घ्या. एकावरही विश्वास ठेवू नका. ज्याला ज्याला माझा फोटो दाखवून गप्प बसवलं असेल त्याच्या घरी जाऊन ओळंबा लावा. माझा धंदा बसला तरी चालेल. पण हे लोक आज रात्री त्या इमारतीत झोपता कामा नयेत. आणि तुम्ही," त्या साहेबांकडे वळल्या, "हसणं बंद करा. तिथे बायामाणसं राहतात!"

साहेबांचं हसू गेलं. एवढं एक त्या दिवशी बाईंच्या मनासारखं झालं.

अधिकारी बाईंनी त्याच दुपारी इंजिनिअर पाठवले. त्यांनी मोजलं. इमारत खड्ड्याकडे कलली होती आणि अजून कलत होती. आदेश निघाला: इमारत ताबडतोब रिकामी करायची, कंपनीने टेकू लावायचे, पाया नीट करायचा, तोपर्यंत रहिवाशांची राहायची सोय कंपनीने बघायची. रहिवाशांच्या बाजूने इतका स्वच्छ निकाल त्या खोलीत बऱ्याच दिवसांत झाला नव्हता म्हणतात.

आणि बाईंचा निकालही तितकाच स्वच्छ लागला. पालिकेने त्यांचं नाव यादीतून काढलं. मनोऱ्याचे फोटो दुसऱ्या कोणाला गेले. एका आर्किटेक्टने फोन करून सांगितलं, "बाई, सगळेच करतात हो सरळ, पण असं चारचौघांत बोलायचं नसतं." त्याला बाईंनी जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. बाकीच्यांनी फोनच केला नाही. बाई दिवसभर घरात येरझाऱ्या घालत, एकेकाचा उद्धार करत. कंपनीचा, वकिलाचा, आर्किटेक्टचा, ज्याने ते फोटो फिरवायचं बटण शोधून काढलं त्याचा. पण सगळ्यांचा उद्धार करून झाला तरी राग शिल्लक राहायचा, आणि तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं.

पण हे नंतरचं. सामान हलवलं ते निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, आणि त्या सकाळीच बाई ताईकडे पोहोचल्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी आपली कामाची खोली रिकामी केली होती, कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणून ठेवला होता, दोन पलंग लावले होते, भाऊजींसाठी न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली होती. ताईला ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरज त्यांना वाटली नाही. बहीण बहिणीकडे येणार, त्यात विचारायचं काय?

खाली शिंप्याचा टेम्पो उभा होता. शिलाई यंत्रं, गाद्या, बोचकी, आणि त्यातच ताईच्या ट्रंका.

"ह्या ट्रंका इथे कोणी टाकल्या?" बाई कडाडल्या. "काढा खाली. त्या माझ्या घरी जायच्यात."

"मीच टाकायला सांगितल्या," ताई जिन्यातून बाहेर येत म्हणाली. भाऊजी तिच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरत होते. "कंपनीने खोल्या दिल्यात ना, तिथे चाललोय आम्ही. शिंप्याच्या शेजारची खोली मिळालीय."

"त्या खुराड्यात? मी खोली तयार केलीय तुमच्यासाठी. पलंग लावलेत. भाऊजींना दांडी..."

"चांगलं केलंस."

"मग चल ना. ताई, तुला माझा राग आलाय का? आलाच असेल. ओरड ना मग. मी ऐकून घेते."

"राग होता," ताई म्हणाली. "तू तिथे उभं राहून बोललीस तेव्हा गेला. अभिमान वाटला मला. सगळ्यांना सांगितलं मी, माझी बहीण आहे म्हणून."

"मग?"

ताईने भाऊजींना टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसवलं, त्यांचा पाय उचलून आत ठेवला, आणि मग वळली.

"मला सांग, धाकटे. तुझ्याकडे आले, आणि एखाद्या दिवशी म्हणाले की मला इथे काहीतरी बरोबर वाटत नाही. तू काय म्हणशील?"

"म्हणशील म्हणजे? मी..."

बाईंनी तोंड उघडलं. त्यांना पटकन म्हणायचं होतं की तुझं ऐकेन, आधी तुझं ऐकेन. पण त्यांच्या घरात भिंती सरळ होत्या, फरशी सपाट होती, त्यांनी स्वतः तपासून घेतली होती, आणि ताईला तिथे काहीतरी बरोबर वाटत नाही हे ऐकल्यावर आपल्या ओठांवर आधी काय येईल ते त्यांना नीट माहीत होतं. ताईलाही माहीत होतं.

"येईन मी अधूनमधून," ताई म्हणाली. "तूही ये. पण राहायला नको."

ती टेम्पोच्या मागच्या बाजूला गेली. शिंप्याच्या बायकोने मांडीवरचं बोचकं उचलून बाजूला केलं आणि सरकून तिला जागा करून दिली.